सम्फाव काका आणि शब्दांची शेपटं

सम्फाव काकांना मी पाहिलं त्याच्या आधी ऐकलं होतं, आणि ऐकलं तेव्हा ते एक रडणारी बाई होते.

मी तेवीस वर्षांची होते. नान नदीकाठच्या या गावात इंग्रजीची शिक्षिका म्हणून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. विहाराच्या पटांगणात औषधवाल्यांची गाडी सिनेमा घेऊन आली. दोन बांबूंना पांढरा पडदा ताणला होता. उन्हं पुरती गेली नव्हती, म्हणून चित्रं फिकट दिसत होती, धुतल्यावर उरलेल्या डागांसारखी. नदीवरून वारा आला की पडदा फुगायचा आणि पडद्यावरच्या विधवेचे गालही फुगायचे. तिचा नवरा कुठल्याशा वाळवंटात मारला गेला होता. बाई गोरी, दारात उभी, आणि आमच्या थाई भाषेत अशी रडत होती की माझ्या पुढच्या चटईवरच्या भाजीवाल्या बायकांनी खांद्यावरची फडकी डोळ्यांना लावली. मीही रडत होते.

मग ती विधवा खोकली. एकदा, दोनदा. चित्र थांबलं, दिवा लागला आणि त्याच गळ्यातून पुरुषाचा आवाज आला, "मायबापहो, ही बाई आत्ता का खोकली? नवरा गेला हे खरं, पण घरात खोकल्याचं औषधसुद्धा नव्हतं! तुमच्या घरी आहे का?"

मी मागे वळून पाहिलं. प्रोजेक्टरशेजारी उपड्या खोक्यावर एक हडकुळा माणूस बसला होता. एका हातात मायक्रोफोन, दुसऱ्या हातात बाटली. तो हसत होता, पण त्याचे डोळे लाल होते आणि गालावर ओल होती. तो खरंच रडला होता.

"आटपा लवकर!" कोणीतरी ओरडलं. "त्या बाईला दारात किती वेळ उभं करणार?"

"दहा बाटल्या गेल्या की ती आत जाईल," तो म्हणाला.

तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. एका सिनेमात सतरा माणसं, दोन घोडे आणि एक तान्हं मूल, सगळे तेच. परदेशी चित्रपटांची रिळं मुकी यायची. संवादांचे कागद बँकॉकहून निघायचे खरे, पण निम्म्या वेळी वाटेतच हरवायचे. मग काका दुपारी विहाराच्या धर्मशाळेत खिडक्या लावून भिंतीवर रीळ चालवायचे आणि नुसते ओठ बघत बसायचे. ओठ उघडले की बोलायचं, मिटले की थांबायचं. कोण कोणाला काय म्हणतंय ते चेहऱ्यावरून ठरवायचे. चुकायचेही. एकदा त्यांनी एका सावकाराला अर्धा सिनेमाभर नायकाचा मामा केला होता. नायकाने त्याच्यावर गोळी झाडली तेव्हा लोक चक्रावले, पण मामांच्या बाबतीत असं होतं म्हणून कोणी तक्रार केली नाही.

ओळख झाल्यावर एकदा घाटावर ते मला म्हणाले होते, "बाई, गोऱ्यांचं तोंड आपल्यासारखं मिटत नाही. आपण वाक्य संपलं की दार ओढून घेतो. ते दार लावतात आणि मग पुन्हा जरासं किलकिलं करतात. त्या किलकिल्यात काय भरायचं हा माझा जन्माचा प्रश्न. म्हणून मी प्रत्येक वाक्याला एक 'बरं का' जोडतो."

मी हसले होते. मला तो गमतीचा किस्सा वाटला. घरी आले, वह्या तपासल्या, विसरून गेले.

पुढे बोलके चित्रपट आले, मग घरोघरी टीव्ही आले. औषधवाल्यांची गाडी यायची थांबली. काका पंखे आणि रेडिओ दुरुस्त करू लागले. वर्षातून एकदा, नदीला पाणी भरलं की लांब होड्यांच्या शर्यती होत, तेव्हा मात्र घाटावरचा मायक्रोफोन त्यांचाच. तो हातात घेतला की आधी दोनदा फुंकर घालायचे, कपाळाला लावायचे आणि मग बोलायचे. इतर वेळी फार कमी बोलत. गप्प बसणाऱ्या माणसाला आमच्याकडे सगळे एकच टोमणा मारतात, तोंडातून बकुळीची फुलं गळतील म्हणून भितोस का रे? काकांना तो गावाने इतक्यांदा मारला होता की ते आता नुसतं तोंडाखाली ओंजळ धरून दाखवायचे.

बायको लवकर गेली. मुलगी बँकॉकला कारखान्यात. नात त्यांच्यापाशी वाढली. तिचं शाळेतलं नाव रुंगरवी, पण सगळे तिला चोम्फू म्हणत, कारण लहानपणी ती चोम्फूच्या फळासारखी गुलाबी आणि गोल होती. माझी विद्यार्थिनी. माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत इंग्रजीच्या लेखी परीक्षेत तिच्याइतके गुण कोणी मिळवले नाहीत. ती परिचारिका झाली. दक्षिणेला समुद्रकाठी एक मोठं रुग्णालय आहे, तिथे परदेशी रुग्ण येतात. लहानपणी ती आजोबांच्या पंख्यांच्या दुकानात बसून समुद्राची चित्रं काढायची. तिने कधी समुद्र पाहिला नव्हता. तिला तिथेच जायचं होतं. मुलाखत झाली आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं.

मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. चोम्फू ते पत्र घेऊन माझ्या ओट्यावर आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, लेखीत शंभरात शहाण्णव."

"मग?"

"बोलण्यात नापास. लिहिलंय, उमेदवाराचं बोलणं समजत नाही. तीन महिन्यांनी एकदाच संधी आहे. त्यानंतर नाही."

परीक्षा घेणाऱ्या गोऱ्या बाईने तिला औषधांची यादी मोठ्याने वाचायला लावली होती. प्रत्येक ओळीनंतर त्या बाई मान पुढे करून म्हणायच्या, पुन्हा? चोम्फू पुन्हा वाचायची, पहिल्यापेक्षा हळू, पहिल्यापेक्षा नम्र. आणि त्या पुन्हा म्हणायच्या, पुन्हा?

"रोज चारला ये," मी म्हणाले. "तीन महिने पुष्कळ झाले."

ती रोज चारला येऊ लागली. काका सायकलवरून तिला सोडायचे आणि परत न जाता खालच्या पायरीवर बसून राहायचे, नदीकडे तोंड करून. मी वाक्य म्हणायची, चोम्फू माझ्यामागून म्हणायची. ती गुणी मुलगी. माझ्या आवाजाचा चढ, उतार, थांबणं, सगळं जसंच्या तसं उचलायची. मला समाधान वाटायचं. ऊन नदीवर तिरपं व्हायचं, वाळूचे पडाव एकामागून एक दोरीने बांधलेले खाली जायचे, कुंपणाच्या कोपऱ्यातल्या बकुळीचा वास यायचा आणि आमच्या दोघींचे आवाज एकाच सुरात चालायचे. त्या सुरात मला अर्धवट झोप यायची, इतका तो माझ्या ओळखीचा होता.

"कसं चाललंय, काका?" मी विचारायची.

"चांगलं चाललंय, बाई."

पहिल्या आठवड्यात त्यांनी केळी आणली. दुसऱ्या आठवड्यात मोठा मासा. तिसऱ्यात दोन पपनसं, आमच्या भागातली, डोक्याएवढी. चौथ्यात त्यांनी माझा पंखा न सांगता दुरुस्त केला आणि पाचव्यात तांदळाचं अर्धं पोतं सायकलवर घालून आणलं. मी म्हणाले, "अहो काका, हे काय? मी काय सावकार आहे?" ते हसले. त्यांची काळजी जसजशी वाढत होती तसतशी भेट वाढत होती, हे मला कळलं नाही. सदतीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले मी, आणि तांदळाचं पोतं मला वाचता आलं नाही.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी ते सायकल हातात धरून चालत आले. अंगात पांढरा सदरा, इस्त्रीची घडी दिसत होती. मागे चोम्फू, हातात पितळी तबक. तबकात दूर्वा, वांग्याची फुलं, लाह्या, आणि ऊदबत्त्या. शाळेत वर्षाच्या सुरुवातीच्या गुरुवारी मुलं हेच घेऊन रांगेने गुरूंसमोर येतात. सदतीस वेळा मी ते घेतलं होतं. पण एकोणसत्तर वर्षांचा माणूस माझ्या ओट्यावर चढला आणि चोम्फूच्या हातातलं तबक घेऊन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला तेव्हा मी ताडकन उठले.

"काका! उठा आधी. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे तुम्ही."

"बाई, मला शिकवायची परवानगी हवी."

"कोणाला शिकवायची? काय?"

"चोम्फूला." त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट नेलं. "ओठ."

मग त्यांनी, इतक्या वर्षांत एका दमात कधी बोलले नव्हते तेवढं, सांगितलं. त्यांना सिनेमाला आवाज द्यायला शिकवणाऱ्या गुरुजींच्या परंपरेत गुरूने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कोणी दुसऱ्याला शिकवत नाही. गुरुजी म्हणाले होते, पुढच्या वर्षी ठेवतो, अजून तुझा घोडा कच्चा आहे. त्याच पावसात ते तापाने गेले. काकांनी पुढे तीस वर्षं आवाज दिले, पण शिकायला आलेल्या प्रत्येकाला हात जोडून परत पाठवलं.

"पण मी तुमच्या विद्येतली नाही, काका."

"इंग्रजीच्या गुरू तुम्हीच. गावात दुसरं आहे कोण? तुमच्या ओट्यावर, तुमच्या विद्यार्थिनीला, तुमचा हात असल्याशिवाय मी तोंड उघडायचं नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजाडलं. ते परवानगी मागत होते म्हणजे शिकवण्यासारखं काही उरलं होतं. मी शिकवलं नव्हतं असं काही.

"तिचं काय चुकतं?" मी विचारलं.

काकांनी तबकातल्या दूर्वा सारख्या केल्या. चोम्फूने मान खाली घातली.

"तिचं काही चुकत नाही, बाई. ती हुबेहूब तुमच्यासारखं बोलते."

मी म्हटलं, मी पाणी आणते, आणि आत गेले. चुलीवर आधण ठेवलं. ते उकळलं तरी मी उभीच. माझं इंग्रजी मी ज्या गुरुजींकडून घेतलं त्यांनी ते त्यांच्या गुरुजींकडून घेतलं होतं. आमच्यापैकी कोणी गोऱ्या माणसाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोललं असेल असं मला वाटत नाही. वाफेत मला सदतीस वर्षांचे वर्ग दिसले, पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगांमागे रांगा, सगळे एका आवाजात माझ्यामागून म्हणणारे. आणि त्यांतला एकही मुलगा कधी म्हणाला नाही, बाई, टीव्हीवर तर वेगळं ऐकू येतं. ऐकलं असणार. पण गुरूची चूक ऐकली तर आपलेच कान चुकले असं समजायचं, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

बाहेरून चोम्फूचा आवाज आला, "आजोबा, उठा ना. गुडघे धरतील."

"बाई येईपर्यंत नाही."

"बाई रागावल्यात."

"मग तर मुळीच नाही."

मी पाणी न घेताच बाहेर आले. आमच्याकडे डोकं ही फार जपायची जागा. धाकटे थोरल्यांच्या डोक्यावरून हात नेत नाहीत, फळीवरचं काही काढायचं असलं तरी आधी माफी मागतात. मी आधी हात जोडले. त्यांचे केस खोबरेल तेलाने ओलसर होते आणि डोकं मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. मी हात ठेवला. काकांनी डोळे मिटले.

"किती दिवसांपासून ऐकत होतात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, बाई."

"आणि सहा आठवडे बोलला नाहीत! तिची संधी गेली असती तर?"

"म्हणून तर तांदूळ आणला," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. "शिकवा," मी म्हणाले. "पण दोघींना."

ते वरच्या पायरीवर बसले. मी आणि चोम्फू खालच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी एक अक्षर शिकवलं नाही. कुंपणातली बकुळीची सुकलेली फुलं वेचून आणायला लावली. एकेक फूल आमच्या तळहातावर, बोटांच्या टोकाशी ठेवलं आणि तळहात ओठांसमोर धरायला लावला. "विलायती शब्दाला शेपूट असतं," ते म्हणाले. "आपण दार ओढतो आणि ते आतच चेंगरतं. शब्द संपला की शेपूट बाहेर येऊ द्या. फूल पडलं पाहिजे."

चोम्फूने यादीतला एक शब्द म्हटला. फूल जागचं हललं नाही. मी म्हटला. माझंही नाही. मग काकांनी म्हटला. त्या शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. पण शेवटी त्यांचे ओठ मिटले, पुन्हा किलकिले झाले आणि फूल घरंगळून माझ्या मांडीवर पडलं.

"आता माझ्या तोंडातून गळतात की नाही बघा," ते म्हणाले. त्यांना स्वतःचाच विनोद इतका आवडला की बराच वेळ ते खांदे हलवत राहिले.

जिभेचं प्रकरण अवघड गेलं. थँक्यू म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये आलं पाहिजे हे ऐकून चोम्फूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"शी, आजोबा! जीभ दाखवून आभार मानायचे? बाईंसमोर?"

"काढायची नाही, डोकावू द्यायची. नव्या सुनेसारखी. दारात आली, पाहिलं, आत गेली."

"तुमच्या सुना फार धीट."

"माझ्या सगळ्या सुना गोऱ्या होत्या. घोड्यावर बसायच्या."

दुपारी ते माझ्या टीव्हीवर परदेशी चित्रपट लावायचे आणि आवाज पूर्ण बंद करायचे. खिडकीची फळी ओढून घेतली की नदीची चकाकी फटीतून छतावर हलत राहायची. आम्ही तिघं मुके ओठ बघत बसायचो. आधी मला ते विचित्र वाटलं. मग हळूहळू दिसू लागलं, मिटतात आणि पुन्हा उघडतात, पाण्याखालून वर आलेल्या माशासारखे. वाक्याचं वजन कुठे पडतं तेही दिसायचं. आम्ही सगळा भार शेवटी टाकतो, ते लोक मध्येच कुठेतरी टाकून पुढे हलके चालायला लागतात. काका गुडघ्यावर बोटांनी घोड्याच्या टापा वाजवून ते वजन दाखवायचे. तो घोडा आता अजिबात कच्चा नव्हता.

एका दुपारी पडद्यावर एक बाई दारात उभी होती. पत्र वाचत होती. काका नकळत बोलायला लागले, थाईत, बाईच्या आवाजात. आवाज म्हातारा झाला होता, पण होता तोच. चोम्फू माझ्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून ऐकत होती. छतावर पाणी हलत होतं. मी तेवीस वर्षांची होते, वारा पडद्यात भरत होता, आणि कोणालाच कुठे जायचं नव्हतं. ती बाई आता खोकेल असं मला वाटत राहिलं. ती खोकली नाही. तिने पत्राची घडी घातली आणि आत गेली.

तीन महिने संपले. चोम्फू आगगाडीने दक्षिणेला गेली. चौथ्या दिवशी परत आली आणि स्टेशनवरून थेट माझ्या ओट्यावर. काका तिथेच होते, सकाळपासून.

"पुन्हा यादीच होती," ती म्हणाली. "त्याच बाई."

"किती वेळा पुन्हा म्हणाल्या?" मी विचारलं.

"एकदाच. तेही खिडकीबाहेर भोंगा वाजला म्हणून."

काकांनी विचारलं, "आणि तू हात कुठे ठेवलेस?"

चोम्फू लाजली. "तोंडासमोर, आजोबा. सवय झाली ना. त्या बाईंनी विचारलं, हातात काय आहे? मी म्हटलं, काही नाही."

नेमणुकीचं पत्र आलं. तिने जायचा दिवस ठरवला तेव्हा बकुळ संपत आली होती. स्टेशनवर काका तिच्या पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा आवळत होते. गाडी हलली, चोम्फू खिडकीतून हात जोडून वाकली, आणि काका काही म्हणजे काही बोलले नाहीत. मीच न राहवून म्हणाले, "काका, अहो बोला काहीतरी. फुलं गळतील म्हणून भिता का?"

"गळू देत," ते म्हणाले, "पण आता वेचणार कोण?"

आम्ही परतलो ते चालतच. वाटेत त्यांनी शर्यतीच्या घाटावर जरा वेळ बसू या म्हटलं. बसलो. पाणी उतरलं होतं.

पुढच्या गुरुवारी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी ओट्यावर आली. तिला विमानतळावर नोकरी हवी होती. आठवड्याने तिच्या दोन मैत्रिणी आल्या. मी काकांना बोलावणं पाठवलं. ते पांढरा सदरा घालून आले आणि न सांगता वरच्या पायरीवर बसले.

आता ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. चोम्फू रविवारी दूरध्वनी करते, त्यात समुद्राचा आवाज येतो असं ते म्हणतात. दर गुरुवारी नऊ-दहा मुलं येतात. बकुळीची फुलं सुकवून एका जुन्या औषधाच्या बाटलीत भरून ठेवण्याचं काम त्यांचंच आहे. मागच्या वर्षी त्यांचे पुढचे दोन्ही दात पडले, त्यामुळे जीभ दातांत धरून थँक्यू कसं म्हणायचं ते आता मी दाखवते.